एल आकाराच्या माडीवरील खोलीत मागचे स्पीकर नेमके कोठे बसवावेत?

बोरीकाठ (अमळनेर) :

सर्वांना नमस्कार. अमळनेर येथील आमच्या वडिलोपार्जित घराची माडी आम्ही काही वर्षांपूर्वी पाडून विटा-सिमेंटमध्ये नव्याने बांधली, आणि त्या वेळी जिना घराच्या आतून घेतल्यामुळे वरची मोठी खोली चौकोनी न राहता इंग्रजी एल अक्षरासारखी झाली. टीव्हीची भिंत ११ फूट रुंद आहे आणि तिच्यापासून मागची भिंत १८ फुटांवर आहे. उजवी भिंत शेवटपर्यंत सलग आहे, परंतु डावी भिंत समोरून १० फुटांवर संपते आणि तेथून पुढचे ८ फूट जिन्याच्या मोकळ्या जागेत उघडतात; ही जागा डावीकडे आणखी ६ फूट पसरते. उजव्या भिंतीत समोरून १२ ते १६ फुटांच्या दरम्यान खिडकी असून होळीनंतर तिच्यात कूलर बसतो. छत ९ फुटांवर आहे, खाली शहाबादी फरशी आहे आणि भिंतींना गुळगुळीत पुट्टी केलेली आहे.

या खोलीत ५५ इंची टीव्ही आणि ५.१ पद्धतीचा संच आहे, म्हणजे समोर तीन स्पीकर, मागचे दोन आणि फक्त खालचे, जड सूर वाजवणारा एक सबवूफर. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे आणि बसल्यावर आमचे कान समोरच्या भिंतीपासून साधारण साडेसोळा फुटांवर येतात. सोफ्याशेजारी, जिन्याच्या बाजूला, आईचा दिवाण आहे. संच बसवून देणाऱ्या कारागिराने मागचा उजवा स्पीकर उजवीकडच्या मागच्या कोपऱ्यात छताजवळ लावला. डावीकडे मागे भिंतच नसल्यामुळे तो स्पीकर त्याने भिंत जेथे संपते तेथे, तोही छताजवळच, टांगला.

याचा परिणाम असा की पडद्यावर पाऊस सुरू झाला की उजवीकडचे थेंब अगदी डोक्यावर पडतात आणि डावीकडचा पाऊस टीव्हीच्या बाजूला कोठेतरी पडत राहतो. परवा मागून हाक मारण्याचा एक प्रसंग सुरू असताना आईने आधी जिन्याकडे व मग टीव्हीकडे पाहून विचारले, “हाऊ आवाज कथाईन ई ऱ्हायना?” मला तिला उत्तर देता आले नाही. शिवाय सोफ्यावर बसल्यावर खालचा आवाज, म्हणजे जड सुरांचा (बास), इतका घुमतो की संवाद त्यात बुडतात, आणि उठून खोलीच्या मध्यावर गेले की तोच घुमारा नाहीसा होतो. डावा स्पीकर जिन्याच्या पलीकडच्या भिंतीवर न्यावा, स्टँडवर ठेवावा, की छतातून टांगावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. जिन्यातून लहान मुले सतत ये-जा करतात, त्यामुळे वाटेत काही ठेवणे शक्यतो टाळायचे आहे.

संगमतीर (मुक्ताईनगर) :

भाऊ, तुम्ही मापे इतकी नीट दिली आहेत की कागदावर आकृती काढूनच उत्तर लिहितो आहे. तुमचा प्रश्न स्पीकर कोठे लावावा असा आहे, पण माझ्या मते या खोलीत आधी सोफ्याचा प्रश्न सोडवायला हवा. स्पीकरची जागा भिंतीवरून ठरत नाही, ती ऐकणाऱ्याच्या कानांवरून ठरते. कान कोठे असणार हे निश्चित केल्याशिवाय खिळा ठोकला की पुढची सगळी मापे चुकत जातात.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस ७७५ या शिफारशीनुसार ऐकणाऱ्याने नाकासमोर पाहिले असता मधला स्पीकर शून्य अंशावर, समोरचे दोन डावी-उजवीकडे ३० अंशांवर आणि मागचे दोन १०० ते १२० अंशांच्या दरम्यान असावेत. ९० अंश म्हणजे कानाच्या अगदी रेषेत; तेव्हा ‘मागचे’ म्हणवले जाणारे हे स्पीकर प्रत्यक्षात बाजूला आणि किंचित मागे असतात. आता तुमचा डावा स्पीकर पाहा. तुमचे कान साडेसोळा फुटांवर आणि स्पीकर साडेनऊ फुटांच्या आसपास, म्हणजे तो तुमच्या ७ फूट पुढे आणि साडेपाच फूट बाजूला आहे. हा कोन निघतो जेमतेम ३८ अंश. याचा अर्थ तुमच्या खोलीत डावीकडे मागचा स्पीकर नाहीच. समोरच्या डाव्या स्पीकरच्या शेजारी आणखी एक समोरचा स्पीकर लागलेला आहे. उजवीकडचा स्पीकर मात्र सुमारे १०५ अंशांवर, पण कानांपासून जवळजवळ पाच फूट उंचावर आहे, म्हणून थेंब डोक्यावर पडतात. दोन्ही बाजूंच्या अंतरांतील फरक अॅम्प्लिफायरला सांगून भरून काढता येतो, कारण ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो आणि यंत्र तेवढा उशीर जवळच्या स्पीकरला लावू शकते. चुकलेला कोन मात्र कोणतेही यंत्र दुरुस्त करू शकत नाही. म्हणून अडचणीच्या खोलीत दोन्ही बाजूंचे अंतर सारखे ठेवण्याचा हट्ट सोडावा आणि कोन सांभाळावा.

आता सोफा पुढे सरकवून तुमचे कान समोरच्या भिंतीपासून ८ फुटांवर आले असे समजा. डावी भिंत १० फुटांपर्यंत आहे. तिच्या शेवटच्या टोकाशी, म्हणजे कानांच्या दोन फूट मागे, लावलेला स्पीकर आता ११० अंशांच्या जवळ येतो. आज जी जागा सर्वांत वाईट आहे तीच जागा, सोफा हलवला की, अगदी नेमकी ठरते. उजवीकडेही त्याच रेषेत सलग भिंत आहे आणि खिडकी त्याच्या दोन फूट पुढे सुरू होते, त्यामुळे दोन्ही बाजू एकमेकींच्या आरशातील प्रतिमा होतात. जिन्याची वाट पूर्णपणे सोफ्याच्या मागे जाते, म्हणजे मुलांच्या ये-जा करण्याने पडदाही अडत नाही. समोरचे दोन स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे आणि एकमेकांपासून साडेसात फुटांवर ठेवले तर त्यांचाही ३० अंशांचा कोन साधतो आणि दोन्ही बाजूंना भिंतीपर्यंत पावणेदोन फूट मोकळे राहतात. ५५ इंची पडद्यासाठीही हे अंतर योग्य आहे. साडेसोळा फुटांवरून तो पडदा फारच लहान दिसत असणार.

उंचीबद्दल एक गोष्ट. बसल्यावर कान जमिनीपासून सव्वातीन ते साडेतीन फुटांवर येतात. मागचे स्पीकर नेमके त्या उंचीवर लावले तर सोफ्याच्या टोकाला बसलेल्या माणसाच्या डोक्याने मधल्या माणसाचा आवाज अडतो आणि त्या टोकाच्या माणसाच्या कानात स्पीकर ओरडतो. तुमच्या ११ फूट रुंदीत हे हमखास होईल, कारण टोकाचा माणूस भिंतीपासून तीनच फुटांवर असेल. म्हणून स्पीकरचा मध्य पाच ते साडेपाच फुटांवर ठेवा आणि तोंड किंचित खाली, सोफ्याच्या मधल्या जागेकडे वळवा. वळवता येणारा ब्रॅकेट घ्या. डाव्या भिंतीच्या कडेपासून निदान सहा इंच आत भोक पाडा, कारण विटेच्या उघड्या कडेला ड्रिल लावले की कड फुटते.

पांझराकाठ (धुळे) :

संगमतीर यांनी सांगितलेली सोफ्याची जागा मला पटते. तथापि खालच्या आवाजाचा विचार त्यांच्या उत्तरात राहून गेला आहे आणि तुमची अर्धी तक्रार त्याचीच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या ध्वनीची अर्धी तरंगलांबी नेमकी बसते, तो ध्वनी त्या खोलीत उभा राहतो. भिंतीजवळ तो अतिशय मोठा आणि मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. तुमच्या १८ फुटांना ही वारंवारता सुमारे ३१ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३१ कंपने, येते आणि तिची दुप्पट, म्हणजे ६२ हर्ट्झही उभी राहते. आडव्या दिशेला जिन्याची जागा धरून १७ फूट होतात आणि तेथे सुमारे ३३ हर्ट्झ येते. म्हणजे लांबी आणि रुंदी या दोन्ही जवळजवळ एकाच सुराला धरून बसतात, आणि मागच्या भिंतीला टेकलेला सोफा त्या दोन्हींच्या तडाख्यात सापडतो. आपल्याकडील वीट आणि स्लॅबच्या घरात हा त्रास अधिक जाणवतो. लाकडी चौकटीच्या हलक्या भिंतींमधून खालचा आवाज काही प्रमाणात निसटून जातो, आपल्या भिंती तो सगळाच्या सगळा खोलीत परत पाठवतात. म्हणून परदेशी पुस्तकांतले सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

८ फूट ही जागा १८ फुटांच्या मध्याला फार जवळ आहे, त्यामुळे तेथे ३१ हर्ट्झ बराच दबेल. एरवी मी या जागेला विरोध केला असता. परंतु घरगुती संचातील लहान सबवूफर मुळातच ४० हर्ट्झच्या खाली फारसे काही वाजवत नाहीत, त्यामुळे जे वाजतच नाही ते दबल्याचे दुःख नाही. खरी काळजी ६२ हर्ट्झची आहे, कारण तो ध्वनी त्या जागेवर जोरात असणार. त्यावर उपाय असा की सबवूफर कोपऱ्यातून काढावा आणि उजव्या भिंतीला धरून समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे लांबीच्या चौथ्या भागावर, ठेवावा. त्या ठिकाणी ६२ हर्ट्झचा शून्यबिंदू, म्हणजे तो ध्वनी जवळजवळ नाहीसा होण्याची जागा, असल्यामुळे सबवूफर त्याला चेतवू शकत नाही.

तुमची खोली निव्वळ चौकोनी नसल्यामुळे माझे हे गणित काही इंच इकडेतिकडे होईल, म्हणून शेवटचा निर्णय कानांनी करा. सबवूफर उचलून सोफ्यावर, जेथे तुम्ही बसता नेमके तेथे, ठेवा. बास गिटारचे सूर एकेक पायरी चढत-उतरत जातात असे संगीत संथपणे वाजवत ठेवा आणि स्वतः भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर रांगत, कान फरशीपासून फूटभर ठेवून ऐकत जा. काही ठिकाणी एखादाच सूर अंगावर येईल, काही ठिकाणी तो गळून पडेल. जेथे सगळे सूर सारख्या वजनाने ऐकू येतील तेथे खडूने खूण करा. ती सबवूफरची जागा. मी आमच्या घरी हे केले तेव्हा दोन फुटांच्या फरकाने डग्ग्याचा घुमारा लादीवर आपटल्यासारखा येतो की मऊ आणि गोल येतो, हे स्पष्टपणे कळले होते.

दुसरी गोष्ट जिन्याच्या पोकळीची. तेथे उभे राहून एक टाळी वाजवा. उघडी फरशी आणि पुट्टीच्या भिंती असल्यामुळे टाळीमागून बारीक टर्र असा आवाज येत असेल, तर तोच आवाज प्रत्येक संवादाच्या शेपटीला चिकटतो आहे असे समजा. या पोकळीच्या तोंडाशी, छतापासून जमिनीपर्यंत, जाड सुती पडदा दुप्पट चुण्या घालून लावा. पडद्याने खालचा आवाज थांबत नाही, त्याची अपेक्षा ठेवू नका, पण वरच्या आवाजाचे परतणे बरेच कमी होईल. त्याहून चांगला उपाय आपल्या खान्देशात घरोघरी आहे: पिंजलेल्या कापसाची चार इंची गादी. जिन्याच्या पलीकडच्या भिंतीवर लाकडी चौकटीत अशी गादी उभी बसवून तिच्यावर साधे सुती कापड ताणले, तर बाजारातील एक इंची फोमच्या चौकोनांपेक्षा ती कितीतरी अधिक काम करते, कारण शोषक जितका जाड तितका तो अधिक खालच्या सुरांपर्यंत पोहोचतो. एक इंची फोम केवळ अगदी वरचे सूर खातो आणि खोली निस्तेज करून ठेवतो.

बोरीकाठ (अमळनेर) :

संगमतीर भाऊ आणि पांझराकाठ ताई, आपण दोघांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. रविवारी सोफा पुढे घेतला, दोन्ही स्पीकर खाली उतरवून साडेपाच फुटांवर लावले आणि ताईंनी सांगितल्याप्रमाणे रांगून पाहिले. खडूची खूण समोरच्या भिंतीपासून पाच फुटांवर आली, म्हणजे गणिताच्या अर्धा फूट पुढे. संवाद आता स्वच्छ ऐकू येतात.

तरीही दोन शंका राहिल्या. मागचे दोन्ही स्पीकर एकाच वेळी वाजतात तेव्हा आवाज मागे पसरण्याऐवजी डोक्याभोवती कोठेच नसल्यासारखा वाटतो. एकेक वाजवला तर बरोबर असतो. दुसरे असे की अॅम्प्लिफायरबरोबर आलेला मायक्रोफोन लावून आपोआप मापन केले, तर त्याने सबवूफरचे अंतर १४ फूट दाखवले, फितीने मात्र ते ७ फूटही भरत नाही. मापन करताना कूलर चालू होता, कारण त्याशिवाय दुपारी वर बसवत नाही.

सातपुडा_पायथा (शहादा) :

भाऊ, पहिल्या शंकेचे कारण बहुतेक उलटी जोडलेली तार असेल. एका स्पीकरमध्ये अधिक आणि उणे यांची अदलाबदल झाली की एकाचा शंकू (स्पीकरमधील हलणारा पडदा) बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो आणि दोघांचा सामाईक आवाज एकमेकांना खोडतो. तुम्ही वर्णन केले आहे ते त्याचेच लक्षण आहे. तपासण्यासाठी अॅम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या तारा त्याच्याकडील टोकाला सोडवा आणि दीड व्होल्टचा साधा सेल त्या तारांना क्षणभर टेकवा. लाल तार सेलच्या अधिक टोकाला असताना शंकू बाहेर सरकला तर जोडणी बरोबर, आत गेला तर उलटी. जाळी काढून बॅटरीच्या उजेडात पाहिले म्हणजे ती हालचाल डोळ्यांना दिसते. स्पीकर जुनाच राहून जागा बदलताना तार वाढवली असेल, तर जोड दिलेल्या ठिकाणी नक्की पाहा. आणि तार वाढवलीच असेल तर दीड चौरस मिलिमीटरची, अनेक तारांची तांब्याची घ्या. १० मीटर अंतरापर्यंत जाऊन-येऊन तिचा रोध पाव ओहमपेक्षाही कमी भरतो आणि ८ ओहमच्या स्पीकरला त्याने काहीही फरक पडत नाही. केसिंग पट्टीतून नेताना ती दिव्याच्या तारांबरोबर एकाच पट्टीत घालू नका.

सबवूफरचे १४ फूट पाहून घाबरू नका आणि तो आकडा हाताने बदलूही नका. सबवूफरच्या आतील विद्युतमंडलात ध्वनीला स्वतःचा उशीर होतो, यंत्र तो उशीर अंतराच्या रूपात दाखवते आणि त्यानुसार इतर स्पीकर थांबवते. इतर पाच स्पीकरची अंतरे मात्र फितीशी अर्ध्या फुटात जुळली पाहिजेत.

कूलर चालू ठेवून केलेले मापन मात्र सरळ रद्द करा. यंत्र जे ऐकते त्यात पंख्याची घरघर मिसळते आणि मागच्या उजव्या स्पीकरचे आकडे, तो कूलरजवळ असल्यामुळे, सर्वांत जास्त बिघडतात. पहाटे, पंखा आणि कूलर दोन्ही बंद ठेवून, सुरत-भुसावळ मार्गावरची मालगाडी जवळून जात नसेल अशा वेळी मापन करा. मायक्रोफोन सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका. कॅमेऱ्याच्या तिपाईवर, कानाच्या उंचीवर ठेवा आणि स्वतः खोलीबाहेर थांबा. उन्हाळ्यात केलेले मापन हिवाळ्यात चालेल का, असे मला अनेकांनी विचारले आहे. १५ अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो आणि ४३ अंशांना सुमारे ३५६. आपल्या वैशाखातही फरक पाच टक्क्यांच्या आत राहतो, आणि सगळ्या स्पीकरना तो सारखाच लागू पडतो. त्यासाठी पुन्हा मापन करण्याची गरज नाही.

चित्रपट पाहताना कूलर लागणारच. तो खिडकीत घट्ट बसलेला असेल तर त्याची थरथर चौकटीतून भिंतीत आणि भिंतीतून स्पीकरच्या ब्रॅकेटमध्ये जाते. जुन्या ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या कापून कूलर आणि चौकट यांच्यामध्ये दोन पदरी घाला आणि पंखा मधल्या वेगावर ठेवा. कूलरची झडप मागच्या उजव्या स्पीकरकडे वळू देऊ नका. दमट वारा रोज तीन महिने थेट अंगावर आला की कागदी शंकू नरम पडतो. आमच्याकडे एका स्पीकरचा शंकू असाच कडेने सुटला होता.

बोरीकाठ (अमळनेर) :

सेल लावून पाहिले. डाव्या स्पीकरचा शंकू आत गेला; जोड दिलेल्या ठिकाणीच तारा उलटल्या होत्या. त्या सरळ केल्यावर पाऊस आता दोन्ही बाजूंना आणि मागे, मोकळ्या जिन्याच्या दिशेलाही, सारखा पडतो. आज पहाटे साडेचारला पुन्हा मापन केले आणि पाचही अंतरे फितीशी जुळली. आता एकच अडचण उरली आहे. आईचा दिवाण मागच्या भिंतीलाच आहे आणि सोफा पुढे गेला तरी तिच्या जागेवर खालचा आवाज पूर्वीइतकाच घुमतो. तिला भिंतीला पाठ टेकवून बसायची सवय आहे, त्यामुळे दिवाण पुढे घेणे शक्य नाही.

पांझराकाठ (धुळे) :

मग दिवाण हलवू नका. मी सांगितलेली कापसाची गादी जिन्याच्या पलीकडच्या भिंतीऐवजी आईंच्या पाठीमागे, दिवाणाच्या लांबीइतकी, आठ इंच जाड अशी उभी करा. त्यांना टेकायलाही ती मऊ लागेल आणि त्यांचे कान भिंतीपासून तेवढेच दूर येतील. त्याने घुमारा जाणार नाही, त्याचा वरचा भाग थोडा कमी होईल. उरलेल्यासाठी सबवूफरची पातळी तीन डेसिबलने खाली आणून आठवडाभर पाहा. सोफ्यावर तुम्हाला ती उणीव पहिले दोन दिवस जाणवेल. आई पाहायला बसणार असतील त्या दिवशी तीच पातळी ठेवा आणि ते तीन डेसिबल कोठे वाढवायचे-कमी करायचे, हे रिमोटवर त्यांनाही दाखवून ठेवा.